सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा अहवाल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माणसाला आजारी पाडणारे जिवाणू, विषाणू, बुरशी आणि परोपजीवी यांचा रुग्णाच्या रक्तात, थुंकीत, लघवीत, पुवात किंवा मेंदूभोवतीच्या द्रवात शोध घेणे, सापडलेल्या जंतूची ओळख पटवणे आणि त्यावर कोणते औषध चालेल हे सांगणे, हे रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे मुख्य काम होय. खान्देशात धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दोन्ही शहरांतील खासगी वैद्यकीय महाविद्यालये येथे असे विभाग आहेत. तरीही या विभागात काय चालते, त्याचा अहवाल कसा वाचावा आणि एखादा नमुना पुण्या-मुंबईच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे का जातो, याविषयी रुग्णांमध्ये, आणि काही वेळा उपचार करणाऱ्यांमध्येही, बरेच गैरसमज आढळतात.

त्यातील बहुतेकांचे मूळ एकच आहे. अहवाल म्हणजे यंत्राने दिलेला अंतिम निकाल, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः अहवाल हे विशिष्ट वेळी घेतलेल्या विशिष्ट नमुन्याला विचारलेल्या विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते, आणि प्रश्न, नमुना किंवा वेळ यांपैकी एक जरी चुकले तरी उत्तम प्रयोगशाळेचे उत्तरही दिशाभूल करू शकते.

गैरसमज : रक्त तपासले म्हणजे जंतूही कळला.

वस्तुस्थिती : हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी विकृतिशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी विभाग करतो, तर साखर, क्रिएटिनिन यांसारखी मोजमापे जीवरसायनशास्त्र विभागाकडे असतात. पांढऱ्या पेशी वाढल्याचे दिसले तर शरीर संसर्गाशी झुंजत असावे एवढा संकेत मिळतो, परंतु जंतू कोणता हे त्यावरून समजत नाही. ते शोधण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्रात चार वाटा आहेत : नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, पोषक माध्यमावर जंतू वाढवणे म्हणजे कल्चर, जंतूचे अंश अथवा त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ओळखणे, आणि पीसीआरसारख्या रेणवीय चाचणीने जंतूचा जनुकीय अंश शोधणे. यांपैकी कोणती वाट केव्हा धरायची हे आजाराच्या स्वरूपावर आणि तापाच्या दिवसावर ठरते.

गैरसमज : ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणजे टायफॉइड.

वस्तुस्थिती : विडाल चाचणी १८९६ साली फ्रान्समध्ये पुढे आली, आणि तिचे नाव जॉर्ज फर्नांद विदाल या वैद्याच्या नावावरून पडले. ही चाचणी टायफॉइडचा जिवाणू शोधत नाही, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्ताच्या किती पातळ द्रवापर्यंत दिसतात हे मोजते. ज्या भागात टायफॉइड नेहमीचा आहे तेथे पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे असतात, लसीमुळे ती निर्माण होऊ शकतात आणि मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही त्यांची पातळी वाढलेली दिसू शकते. उलट टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात ती पुरेशी तयारच झालेली नसतात, त्यामुळे खऱ्या रुग्णाचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. शास्त्रीय दृष्टीने एकाच चाचणीपेक्षा आठ-दहा दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांमधील चौपट वाढ अधिक अर्थपूर्ण मानली जाते, परंतु तोवर रुग्ण थांबू शकत नाही, आणि म्हणून व्यवहारात या चाचणीचा उपयोग मर्यादित राहतो.

टायफॉइडचे निदान पक्के करण्याचा मार्ग म्हणजे प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेले ब्लड कल्चर. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. तरीही ब्लड कल्चरमध्ये साधारण निम्म्याच्या आसपास रुग्णांत जिवाणू सापडतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे कल्चर ‘निगेटिव्ह’ आल्याने टायफॉइड नाही असे सिद्ध होत नाही. मात्र जिवाणू सापडला तर त्यावर कोणते औषध चालते हेही कळते, आणि हा लाभ विडाल कधीच देऊ शकत नाही. विडालच्या एका कागदावर आठवडाभर इंजेक्शने घेण्याची रीत ज्या ज्या ठिकाणी आहे, तेथे खरा आजार, मग तो मलेरिया असो, स्क्रब टायफस असो वा क्षयरोग, मागे पडण्याचा धोका असतो.

गैरसमज : डेंग्यूची एक चाचणी ‘निगेटिव्ह’ आली की चिंता मिटली.

वस्तुस्थिती : डेंग्यूमध्ये तापाचा दिवस मोजल्याशिवाय चाचणी निवडता येत नाही. एनएस-१ हे विषाणूचे प्रथिन साधारण पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडते, तर आयजीएम प्रतिपिंडे पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात आणि दोन-तीन महिने टिकू शकतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेल्या आयजीएम चाचणीला किंवा आठव्या दिवशी केलेल्या एनएस-१ चाचणीला ‘निगेटिव्ह’ उत्तर आले तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात निदानासाठी झटपट पट्टीऐवजी एलायझा ही प्रयोगशाळेतील चाचणी ग्राह्य धरली जाते, आणि तिचे आयजीएम संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून निवडक रुग्णालयांना पुरवले जातात. प्लेटलेट कमी होणे ही डेंग्यूची एकट्याची खूण नव्हे, ती मलेरिया आणि इतर अनेक तापांतही दिसते.

गैरसमज : नमुना कधीही आणि कसाही दिला तरी चालतो.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळेच्या दारात येण्याआधीच अहवालाचे बरेचसे भवितव्य ठरलेले असते. प्रतिजैविकाचे दोन डोस घेतल्यानंतर कल्चरसाठी रक्त दिले तर जिवाणू दबलेला असतो आणि वाढत नाही. म्हणून गंभीर रुग्णात नमुना आधी आणि औषध लगेच त्यानंतर हा क्रम पाळला जातो, मात्र नमुन्यासाठी औषध तासन्‌तास लांबवणेही चूकच. प्रौढाच्या ब्लड कल्चरच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त असणे आणि ते दोन वेगळ्या ठिकाणांहून घेणे अपेक्षित असते, कारण रक्तात जिवाणूंची संख्या अतिशय कमी असते आणि थोड्या रक्तात ते हाती लागत नाहीत. थुंकीच्या तपासणीत लाळ उपयोगाची नसते. सकाळी उठल्यावर खोल खोकून छातीतून आलेला बेडकाच हवा.

लघवीच्या नमुन्याबाबत खान्देशातील हवामान विशेष महत्त्वाचे ठरते. लघवीची पहिली धार सोडून मधल्या धारेचा नमुना निर्जंतुक डबीत घ्यावा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा, ते शक्य नसेल तर शीतपेटीत ठेवावा, असा नियम आहे. आतड्यातील ई-कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत त्याची संख्या चौसष्टपट होऊ शकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या घरात असताना यावल, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून पिशवीत घालून आणलेल्या डबीत संसर्ग नसतानाही जंतूंची गर्दी दिसू शकते. याउलट मेंदूज्वराच्या संशयात पाठीच्या कण्यातून काढलेला द्रव जिवाणूंच्या कल्चरसाठी कधीही फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो, कारण मेंदूज्वराचे काही जिवाणू थंडीने मरतात. म्हणून प्रयोगशाळेने नमुना नाकारला आणि पुन्हा मागितला, तर ती रुग्णाची अडवणूक नसते. चुकीच्या अहवालापासून त्याचे केलेले ते रक्षण असते.

गैरसमज : कल्चरमध्ये जंतू वाढला म्हणजे औषध हवेच, आणि यादीतील सर्वांत ‘भारी’ औषध सर्वांत चांगले.

वस्तुस्थिती : माणसाची त्वचा, तोंड आणि आतडे जिवाणूंनी भरलेले असतात, त्यामुळे वाढलेला प्रत्येक जंतू आजाराचे कारण नसतो. रक्ताच्या एकाच बाटलीत त्वचेवरील सामान्य जिवाणू वाढला तर बहुधा सुई टोचताना तो आत गेलेला असतो. दोन ठिकाणच्या रक्तात तोच वाढला तर मात्र त्याचा गांभीर्याने विचार करावा लागतो. लघवीत जंतू आहेत पण जळजळ, ताप, वेदना काहीच नाही, अशा स्थितीत गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण यांसारखे अपवाद वगळता प्रतिजैविकाची सहसा गरज नसते.

कल्चरच्या अहवालाला जोडलेल्या औषधांच्या यादीला संवेदनशीलता चाचणी म्हणतात. जंतू वाढवलेल्या ताटलीवर औषधाच्या चकत्या ठेवून त्यांच्याभोवती वाढ किती अंतरापर्यंत थांबते हे मोजतात, किंवा वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण काढतात. दोन औषधांचे हे आकडे एकमेकांशी ताडून लहान आकड्याचे औषध श्रेष्ठ मानणे चुकीचे आहे, कारण प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी असते. शिवाय औषध ताटलीवर चालणे आणि शरीराच्या त्या भागात पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : नायट्रोफुरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गात उपयोगी पडते, पण रक्तातील संसर्गावर ते देता येत नाही, टायफॉइडच्या जिवाणूवर जेंटामायसिनसारखे औषध ताटलीत परिणामकारक दिसले तरी रुग्णात ते कामी येत नाही, म्हणून प्रयोगशाळा ते ‘चालते’ असे कळवतच नाही. अशा अहवालात काही औषधे मुद्दाम झाकलेली असतात, ती साध्या औषधाने भागत असताना राखीव औषध वापरले जाऊ नये म्हणून. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम यांसारख्या औषधांची विक्री २०१४ पासून एच-१ या परिशिष्टाखाली नोंद ठेवून करणे दुकानदारांना बंधनकारक झाले, त्यामागेही हाच हेतू आहे.

गैरसमज : अहवालाला दिवस लागतात, कारण प्रयोगशाळा संथ आहे.

वस्तुस्थिती : विरजण लावल्यावर दही व्हायला जसा रात्रीचा अवधी द्यावाच लागतो, तसा जिवाणूला वाढायला त्याचा अवधी द्यावा लागतो. लघवीतील सामान्य जिवाणू एका दिवसात वाढतो आणि औषधांच्या चाचणीला आणखी एक दिवस जातो; ब्लड कल्चरच्या बाटल्या स्वयंचलित यंत्रात साधारण पाच दिवस ठेवतात, जरी बहुतेक महत्त्वाचे जिवाणू पहिल्या दोन दिवसांतच संकेत देतात. क्षयरोगाचा जिवाणू अत्यंत मंद वाढतो, त्यामुळे द्रव माध्यमात सहा आणि घन माध्यमात आठ आठवडे वाट पाहिल्यावरच कल्चर ‘निगेटिव्ह’ ठरवता येते. सीबीनॅट ही रेणवीय चाचणी क्षयाचा जिवाणू आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला त्याचा प्रतिरोध सुमारे दोन तासांत दाखवते, आणि गोव्यातील कंपनीने आणलेल्या ट्रूनॅट यंत्रामुळे ही सोय लहान केंद्रांपर्यंत पोहोचली. मात्र या चाचण्या मृत जिवाणूचा जनुकीय अंशही पकडतात, म्हणून उपचार लागू पडत आहेत का हे पाहण्यासाठी त्या वापरल्या जात नाहीत. तेथे सूक्ष्मदर्शक आणि कल्चर यांचीच गरज लागते.

गैरसमज : नमुना पुण्याला पाठवला, म्हणजे जिल्ह्यातील प्रयोगशाळा निकामी.

वस्तुस्थिती : संदर्भ प्रयोगशाळा ही जिल्ह्यातील प्रयोगशाळेला पर्याय म्हणून उभी केलेली नसते, तर तिच्यामागे उभी केलेली असते. तिची कामे वेगळी आहेत : अनपेक्षित निष्कर्षाची खात्री करणे, जंतूचा उपप्रकार ठरवणे, चाचणी संचांची पारख करणे, आणि खालच्या प्रयोगशाळांना अज्ञात नमुने पाठवून त्यांची उत्तरे बरोबर येतात का हे तपासणे. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली आणि १९७८ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाणारी पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था विषाणूंसाठी हे काम करते आणि तिच्याकडे अतिधोकादायक विषाणू हाताळण्यासाठी चौथ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. क्षयरोगासाठी राज्यात पुणे आणि नागपूर येथे मध्यस्तरीय संदर्भ प्रयोगशाळा आहेत. एचआयव्हीमध्ये तीन वेगवेगळ्या तत्त्वांच्या चाचण्या जुळल्यावरच लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान जाहीर केले जाते आणि या साखळीवर राज्य व राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळांची देखरेख असते.

ही साखळी कशी उपयोगी पडते याचे उदाहरण पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात मिळाले. जुलै २०२१ मध्ये तेथे तापाचे रुग्ण वाढले, नमुने पुण्याला गेले, आणि चिकुनगुनियाबरोबरच महाराष्ट्रातील झिका विषाणूचा पहिला रुग्ण तेथेच निश्चित झाला. स्थानिक यंत्रणेने वेळीच नमुने पाठवले नसते तर हा ताप डेंग्यूच्या नावाखाली नोंदला जाऊ शकला असता. खान्देशातही कोरोना साथीच्या आरंभी नमुने पुण्याला जात. साडेतीनशे-चारशे किलोमीटरचा प्रवास आणि अहवालाची प्रतीक्षा यांत दिवस जात. २०२० साली प्रथम धुळ्याच्या आणि मग जळगावच्या शासकीय महाविद्यालयात आरटीपीसीआर चाचणी सुरू झाली, तेव्हा संदर्भ प्रयोगशाळेने ठरवलेल्या पद्धतीने जिल्ह्याच्याच ठिकाणी उत्तर मिळू लागले. पुण्याची गरज त्याने संपली नाही, पण तेथील कौशल्य नव्या उपप्रकारांच्या शोधासाठी मोकळे झाले.

गैरसमज : हा विभाग फक्त अहवाल छापतो.

वस्तुस्थिती : रुग्णालयात दाखल झाल्यावर जडणाऱ्या संसर्गावर लक्ष ठेवणे, हात धुण्याच्या पद्धतीपासून शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या निर्जंतुकीकरणापर्यंत सर्व गोष्टींची पडताळणी करणे, आणि वर्षभरातील कल्चर एकत्र करून आपल्या रुग्णालयात कोणत्या जंतूवर कोणते औषध किती प्रमाणात चालते याचा तक्ता बनवणे, ही कामे याच विभागाकडे असतात. या तक्त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. मुंबई-दिल्लीचे आकडे जळगावच्या वॉर्डाला लागू पडतीलच असे नाही, म्हणून स्वतःचा तक्ता ठेवणारे रुग्णालय कल्चरचा अहवाल येण्यापूर्वीही योग्य औषधाची निवड अधिक खात्रीने करू शकते. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातही जिल्ह्यातील प्रयोगशाळांचे अहवाल साथीची पहिली सूचना देतात; एखाद्या गावात जुलाबाचे रुग्ण वाढले तर कॉलरा आहे की नाही हे तेथील शौचाच्या नमुन्यातून ठरते, आणि विहीर बंद करायची की जलवाहिनी दुरुस्त करायची, हा निर्णय त्यानंतर पाण्याच्या तपासणीच्या आधारे घेता येतो.

यावरून रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबीयांनी करण्याजोग्या तीन गोष्टी ठरतात. तपासणीआधी घेतलेल्या प्रत्येक औषधाची माहिती आणि ताप सुरू झाल्याचा दिवस डॉक्टरांना सांगावा. नमुना सांगितलेल्या पद्धतीने आणि सांगितलेल्या वेळेत पोहोचवावा. आणि अहवाल स्वतः वाचून औषध घेण्याऐवजी तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा. डॉक्टरांनी मागणीपत्रावर रुग्णाचे वय, लक्षणे, तापाचा दिवस आणि संशयित आजार लिहिला तर प्रयोगशाळेला योग्य माध्यम, योग्य चाचणी आणि गरज असेल तेथे योग्य संदर्भ प्रयोगशाळा निवडता येते. कोरे मागणीपत्र हे या सेवेचे सर्वांत मोठे नुकसान आहे. धुळे आणि जळगावमध्ये यंत्रे आली आहेत, प्रशिक्षित माणसे आली आहेत. त्यांच्या अहवालाचे खरे मोल रुग्णाच्या पदरात पडायचे असेल, तर नमुना देणारा, पाठवणारा आणि वाचणारा या तिघांनीही त्या अहवालाची जबाबदारी आपली मानली पाहिजे.