एका छपराखाली अनेक कार्यालये

१९८१ साली नाशिक महसुली विभाग अस्तित्वात आला. विभागीय आयुक्तांचे कार्यालय नाशिकरोडला, तर जिल्हाधिकारी कचेरी जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, अशी स्थिती आहे. या दोहोंतील अंतर काही मैलांचे आहे. सुरगाणा वा पेठ तालुक्यातून पहाटेची एस. टी. पकडून आलेल्या माणसाचे काम दोन खात्यांत अडकले, तर त्याचा दिवस रस्त्यावरच सरतो आणि मजुरी बुडते ती वेगळीच. कार्यालये कोठे असावीत हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रशासकीय सोयीचा नाही.

सरकारी इमारतीत जागा न मिळालेले कार्यालय खासगी जागा भाड्याने घेते. शासकीय जागा उपलब्ध नाही असा दाखला मिळवावा, सार्वजनिक बांधकाम खात्याकडून भाड्याची वाजवी रक्कम ठरवून घ्यावी, मग करार करावा, अशी रीत आहे. रीत निर्दोष दिसते. परंतु तिची नजर एकेका कार्यालयापुरतीच पोहोचते. प्रत्येकाचे अनुदान निराळे, आहरण व संवितरण अधिकारी निराळा. साहजिकच सभागृह, प्रतीक्षागृह, आवक-जावक टेबल आणि पहारेकरी यांचा खर्च प्रत्येक जण स्वतंत्रपणे सोसतो. महिन्यातून दोनदा उघडणाऱ्या सभागृहाचे भाडे मात्र तीसही दिवस चालू राहते.

यावर उपाय नवा नाही. केंद्र सरकारचे संपदा संचालनालय दिल्लीत अनेक खात्यांना सामाईक साठ्यातून कार्यालयीन जागा देते. अमेरिकेत १९४९ साली स्थापन झालेली सर्वसाधारण सेवा संस्था हेच काम करून प्रत्येक खात्याकडून भाडे वसूल करते. नाशिकमध्येही एका कार्यालयाने करार करावा, इतरांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटा द्यावा, हे अशक्य नाही.

अडचणी आहेतच. एक खाते मध्येच निघून गेले तर त्याचा वाटा कोणी भरावा? गोपनीय कागदपत्रांचे काय? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने एकाच वास्तूत साठलेल्या दप्तराचा धोकाही दाखवून दिला. तेव्हा अभिलेख-कक्ष स्वतंत्र व सुरक्षित असावेत, आणि बाहेर पडण्याची मुदत व थकबाकीची जबाबदारी करारातच लिहिलेली असावी. सामाईक असावे ते सभागृह, प्रतीक्षागृह आणि चौकशीची खिडकी.

भाड्यात वाचलेला पैसा हा या व्यवस्थेचा दुय्यम लाभ होय. दूरच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला एका जिन्यावर आपले काम उरकून संध्याकाळच्या गाडीने घरी परतता आले, तरच ती यशस्वी झाली असे म्हणता येईल.