चातुर्मासातला निवांतपणा कोणाचा?

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नकार्ये थांबत, वाटा चिखलाने अडत; मग देवळात किंवा ओसरीवर पोथी लागे. वाचनाची गोडी अनेक मराठी घरांत या पावसाळी श्रवणातूनच शिरली. शाळा-कचेऱ्यांना चातुर्मास नसतो हे खरे, परंतु पावसाने घरी बसविलेली संध्याकाळ आजही हाती लागते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. तेथील पुस्तक या संध्याकाळी आणावे.

गाणे शिकणाऱ्यालाही हे दिवस अनुकूल. दमट हवेने तबल्याची पुडी उतरते, तंबोरा पुन्हा पुन्हा लावावा लागतो. पण त्या लावण्यातच कान तयार होतो. परीक्षेपुरते राग 'बसविणाऱ्या'स एकच मल्हार महिनाभर घोळविण्याचे सुख कसे कळावे?

मात्र हा निवांतपणा घरात सर्वांना सारखा मिळाला काय? पोथी ऐकता ऐकता बायका लक्षवातीसाठी कापूस वळीत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत. धावदोऱ्याच्या त्या सरळ ओळींत, रंगांच्या जुळणीत उघड कला होती. घराने तिला काटकसर म्हटले. शिवाय उपासाचे आणि नैवेद्याचे रांधणे होतेच, आणि व्रते वाढली की तेही वाढे.

तेव्हा वाचनालयात जाणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने आठवड्यातील दोन संध्याकाळी स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा. त्या वेळी पुस्तक, तंबोरा की सुईदोरा, की यांतले काहीच नको, हे घरातील बाईने ठरवावे.