स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलबदल

स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलबदल हा मोटारीच्या प्रतिबंधात्मक देखभालीचा भाग आहे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या मोटारीत हे तेल इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवते, दाबाने क्लच चालवते, वंगणाचे काम करते आणि उष्णता वाहून नेते. त्याच उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होते. लालसर तेल तपकिरी पडते, जळका वास येतो आणि क्लच घसरू लागतात. वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव परिसरासारख्या, उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाणाऱ्या भागात हा ताण अधिक असतो. त्यामुळे वाहनपुस्तिकेत खडतर वापरासाठी कमी अंतराची मुदत दिलेली असल्यास तीच पाळणे इष्ट. ‘आजीवन’ तेलाच्या दाव्यावर विसंबणे महागात पडू शकते. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच वापरावे. सीव्हीटीचे तेल वेगळे असते. २०१४च्या मारुती सुझुकी सेलेरिओपासून भारतात रुळलेली एएमटी मात्र मुळात साधी गिअरपेटी असून तिच्यात सामान्यतः गिअर ऑइल वापरतात.