खाडीकडून खिंडीकडे

वडखळ हे गाव नसून चहाचा थांबा आहे, अशी मुंबईकरांपैकी पुष्कळांची समजूत असते. पेण ओलांडावे, पापड-पोह्यांची खरेदी करावी, वडखळच्या नाक्यावर पाय मोकळे करावे आणि उजवीकडच्या रस्त्याने अलिबागचा समुद्र गाठावा, हा शिरस्ता. सरळ जाणारे नागोठण्यावरून गोव्याच्या वाटेला लागतात. पण येथून हाकेच्या अंतरावर धरमतरची खाडी आहे, आणि ती ज्या अंबा नदीचे रुंद रूप आहे ती नदी कोठून येते, याची चौकशी करणारा प्रवासी विरळा!

ही चौकशी करावी असे माझ्या सोळा वर्षांच्या भाचीच्या मनाने घेतले. दसरा होऊन गेला होता. सहामाही परीक्षा संपली होती आणि तिला नवी सायकल मिळाली होती. "मामा, नदी धरून वर वर गेलं तर कुठे पोचू?" असे तिने विचारले. "उंबरखिंडीत," मी म्हणालो. झाले! त्या उत्तराने माझी दिवाळीपूर्व विश्रांती संपुष्टात आली. माझ्या बहिणीने मात्र बजावले, "दादा, पोरगी धडधाकट परत आण. इतिहास नंतर सांग."

पहाटेच वडखळ सोडले, कारण उजाडल्यावर महामार्गावर मालमोटारींचे राज्य सुरू होते. डाव्या अंगाला डोंगर, उजव्या अंगाला खारेपाट. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे आणि त्या जमिनीत भात पिकवायचे, ही येथल्या शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची झुंज. भरतीचे पाणी पार नागोठण्यापर्यंत चढते. म्हणूनच एके काळी गलबते तेथवर जात आणि नागोठणे हे बंदर म्हणून नावाजलेले होते. तेथून वाकणला वळून पालीचा रस्ता धरला. सरसगडाच्या पायथ्याशी बल्लाळेश्वराचे दर्शन घेतले आणि रात्री तेथेच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी जांभूळपाडा लागला. येथे अंबा कशी शांत, शहाण्यासुरत्या सुनेसारखी वाहत होती. पण जुलै १९८९ मध्ये याच नदीने एका रात्रीत गावात शिरून कित्येक माणसांचा बळी घेतला. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कड्यांचा काळा कातळ पाणी फारसे पिऊन घेत नाही. माथ्यावर पडलेले पाणी ओढ्याओढ्यांतून धावत खाली येते, आणि दरी अरुंद असली की त्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच चढते. खाली कोरडे ऊन असताना पूर येतो तो असा.

शेमडीजवळ मोठा रस्ता सोडून आम्ही चावणी गाठली. सायकली एका अंगणात ठेवल्या आणि पायी निघालो. ऐन, किंजळ, साग यांचे रान, मध्ये कारवीची दाटी, आणि गुरांनी व माणसांनी मिळून पाडलेल्या वाटा. नदीच्या काठी खडकावर विजयाचे स्मारक उभे आहे. त्यावर फेब्रुवारी १६६१ च्या लढाईची आठवण कोरलेली आहे.

पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने कोकण जिंकण्यासाठी कारतलबखानाला धाडले. सोबत रायबागन ही लढवय्यी सरदारीण होती. खानाने आडवाट पसंत केली आणि फौज या रानात उतरवली. शिवाजी महाराजांनी त्याला अडवले नाही. ते त्याला आत, अधिक आत येऊ देत राहिले, आणि तो पुरता दाट झाडीत शिरल्यावर पुढची व मागची दोन्ही तोंडे बंद केली. परमानंदाच्या 'शिवभारता'त या प्रसंगाचे वर्णन आहे. वारा नाही, पाणी नाही, शत्रू दिसत नाही आणि बाण मात्र येत आहेत! शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सारी सामग्री मागे ठेवून जीव घेऊन गेला.

हे मी रंगात येऊन सांगत होतो. पात्रातून दोन तास वर, कुरवंडे घाटाच्या पायथ्याकडे जायचे, असा आमचा बेत होता. पाणी जेमतेम घोट्याएवढे. इतक्यात मोळी घेऊन उतरणारे एक कातकरी आजोबा थांबले.

"कुठं निघालात?"

"वर, घाटाकडं," भाची म्हणाली.

त्यांनी मान वर करून माथ्याकडे पाहिले. "आज नको, पोरी. वर काळं झालंय."

आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते. तिचा चेहरा पडला. दोन दिवसांची दमछाक, आणि खिंड समोर असताना परत फिरायचे? "आजोबा, तासाभरात येतो ना!" तिने विनवले. ते हसले. "पाणी घड्याळ बघत नाही," एवढेच म्हणून ते पात्राबाहेर चढू लागले. मी भाचीकडे पाहिले. ती क्षणभर घुटमळली, मग मुकाट्याने त्यांच्या मागून काठ चढली.

पाऊण तासाने आधी पाण्याचा रंग बदलला. मग पाला आणि काटक्या वाहत आल्या. मग दूरवर दगड घरंगळल्यासारखा घुमका ऐकू आला, आणि पाहता पाहता आम्ही ज्या दगडावर बसून चिवडा खाल्ला होता तो दिसेनासा झाला. भाची एक शब्द बोलली नाही. तिने फक्त आजोबांच्या मोळीचे एक टोक उचलून धरले आणि वाडीपर्यंत सोडले नाही.

वाचकहो, मुलांना रानवाटांना अवश्य पाठवा. पण पावसाळ्यात घळीत पाऊल नको, आणि परतीचा पाऊस संपेपर्यंत दुपारनंतर पात्रात थांबणे नको. पाणी गढूळले, पाला वाहून आला की मागे न पाहता काठ चढावा. उन्हाळ्यात ओढे आटतात, तेव्हा खानाची गत होऊ नये म्हणून पाणी बरोबर न्यावे. गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. खान फौजेनिशी आला, पण ही वाट त्याची नव्हती. ती ज्यांची आहे त्यांचा शब्द ऐकला, तर खिंड पुढच्या वर्षीही जागच्या जागी सापडते.