गवत तेच, गोचीड वेगळी

एस्वातिनीच्या पूर्व भागातला सखल प्रदेश, म्हणजे तिथला लोव्हेल्ड. इथे सिमुन्येचा बागायती ऊस आहे, गावोगावची गायरानं आहेत आणि ह्लाने राष्ट्रीय उद्यानाचं रानही आहे. ऊन तेच, पाऊस तोच. तरी गोचीड चावून ताप येण्याचा धोका या तिन्ही जागी सारखा नसतो. तो का, हे गोचिडीच्या भुकेवरून कळतं.

दक्षिण आफ्रिकेत जिला बॉन्ट, म्हणजे रंगीबेरंगी, गोचीड म्हणतात, ती आयुष्यात तीनच वेळा रक्त पिते, आणि दर वेळी निराळ्या जनावराचं. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू गिनी कोंबडीवर, सशावर, कासवावरही भागवतं. पोट भरलं की गळून पडतं, कात टाकतं, दुसरं जनावर शोधतं. पूर्ण वाढलेल्या मादीला मात्र गाय, रानरेडा, गेंडा, जिराफ असं मोठं अंग लागतं. ते मिळालं नाही तर अंडी नाहीत. सगळी मेख इथे आहे.

उसाच्या फडात असं मोठं जनावर चरत नाही, म्हणून तिथे तिचा वंश वाढायला वाव कमी. बांधाला लागून झुडपं आणि चरणारी गुरं असतील, तर कडेला धोका आलाच. अभयारण्यात मोठी जनावरं भरपूर, आणि त्यांना औषध लावणारं कुणी नाही. गायरानात गुरं खूप, पण तिथे गोचीडनाशकाच्या हौदातून त्यांना नियमानं पोहवून काढतात. हे काम थांबलं की काय होतं, ते झिम्बाब्वेनं सोसलं आहे: 1970च्या दशकातल्या युद्धात हौद बंद पडले आणि गोचिडींच्या रोगांनी लाखो गुरं मेली.

आता हा ताप आणणाऱ्या जिवाणूकडे येऊ. त्याचं नाव रिकेट्सिया आफ्रिके. तो मादीकडून थेट अंड्यात उतरतो, त्यामुळे एकदाही रक्त न प्यालेलं पिल्लूसुद्धा तो घेऊनच जन्मू शकतं. आजारी जनावर जवळ असण्याची गरज नाही. म्हणून माणसाच्या धोक्याचा हिशेब मला सरळ वाटतो: गोचिडी किती, आणि त्या गवतात कोण वावरतं. गुराख्याचा दिवसच तिथे जातो. पर्यटक दोन दिवस फिरतो. शिवाय ही गोचीड नुसती गवताच्या टोकावर वाट बघत बसत नाही. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागानं ती चालत येते. झाडाखाली बसलेल्या माणसाकडेही.

शहरात गोष्ट बदलते. तिथे कुत्र्यांवरच्या गोचिडी रिकेट्सिया कोनोरी हा दुसरा जिवाणू पसरवतात, आणि तो ताप जास्त जड जातो. हे दोन आजार वेगळे असावेत असं प्रिटोरियातले संशोधक पायपर 1930च्या दशकातच सांगत होते. रानातल्या तापाच्या जिवाणूला स्वतंत्र नाव मिळायला 1996 साल उजाडलं.

रानातली गोचीड चावल्यावर साधारण 5 ते 10 दिवसांनी ताप, डोकेदुखी, मानेत दुखणं सुरू होतं. तोवर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर अभयारण्याची सफारी करून आलेला आपला माणूस पुण्या-मुंबईत पोचलेला असतो, आणि तपासण्या डेंग्यू-मलेरियाच्या चालतात. मलेरियाची तपासणी हवीच, कारण तोही त्याच भागात होतो. पण सोबत डॉक्टरांना प्रवास सांगा, आणि गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का ते बघा. या तापात अशा खपल्या अनेकदा एकाहून जास्त असतात. निदान झालं तर डॉक्सिसायक्लिननं बहुधा लवकर उतार पडतो.