विश्लेषण : गाडीचा पिकअप का गेला? गॅरेजला जाण्याआधी घरीच कसे शोधाल?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट एरवी तिसऱ्या गियरवर आरामात चढणारी गाडी अचानक दुसरा गियर मागू लागते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आवाज वाढतो, वेग वाढत नाही. मागे ट्रक, पुढे वळण. ओव्हरटेक अर्धवट सोडून परत लेनमध्ये यावे लागते. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये जाते. प्लग, फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग असे काही हजारांचे बिल होते आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा तशीच दम टाकते.

असे होते, कारण ‘पिकअप नाही’ या एका तक्रारीमागे डझनभर कारणे असू शकतात. काही तर इंजिनाच्या बाहेरची असतात. नेमके कारण सापडण्याआधी पार्ट बदलणे म्हणजे अंदाजावर पैसे लावणे. बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करून एकेक शक्यता बाद करत गेल्यास बरेचसे निदान पार्किंगमध्येच होऊ शकते. ते कसे, पाहू या.

ताकद खरेच कमी झाली आहे का?

आधी हे ठरवा. उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. मुंबईत चपळ वाटणारी छोटी गाडी तिथे जड वाटली, तर तो दोष नाही. पाच माणसे, भरलेली डिकी आणि चालू एसी यांचाही छोट्या इंजिनावर चांगलाच भार पडतो.

पेट्रोलमधील इथेनॉलचे काय? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मात्र इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ही तूट जास्त इंधन सोडून भरून काढतो. त्यामुळे ई-२० इंधनाचा परिणाम आधी अ‍ॅव्हरेजवर दिसतो. गाडी एकाएकी ओढेनाशी झाली असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे.

अंदाजाऐवजी मोजमाप हवे. ओळखीच्या, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० वरून ६० किलोमीटरपर्यंत जायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्या व्यक्तीने मोबाइलवर मोजावे. एसी बंद ठेवावा आणि दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढावी. हा आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर खरेच फरक पडला का, हे तोच सांगेल.

दोष इंजिनाच्या बाहेर तर नाही?

पहिली तपासणी पायाशी. जाड मॅट अ‍ॅक्सिलरेटरखाली सरकली असेल, तर पेडल शेवटपर्यंत जातच नाही. हा दोष हसण्यासारखा वाटतो, पण घडतो. त्यानंतर टायरमधली हवा पाहा. किती हवी, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते.

तिसरी तपासणी ब्रेकची. चार-पाच किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक वापरत गाडी चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. स्पर्श करू नका. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फारच तापले असेल, तर तिथला ब्रेक चिकटत आहे. इंजिन तेवढीच ताकद देते आहे, पण ती ब्रेकशी झगडण्यात संपते आहे.

चौथी तपासणी क्लचची. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या आसपास वरचा गियर टाकून अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा उसळला, पण वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतो आहे. सोबत जळका वास आला, तर शंका उरत नाही. उलट, आरपीएमही जागचे हलत नसेल, तर मोर्चा इंजिनाकडे वळवा.

हवेची वाट मोकळी आहे का?

इंजिनाला चार गोष्टी लागतात. पुरेशी हवा, पुरेसे इंधन, वेळेवर ठिणगी आणि धूर बाहेर पडायला मोकळी वाट. डिझेलमध्ये ठिणगीचे काम दाबाने तापलेली हवा करते. घरी तपासायला सर्वांत सोपी हवा.

इंजिन थंड असताना एअर फिल्टरची पेटी उघडा. क्लिप किंवा तीन-चार स्क्रू असतात. फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल, तर तो बदला. इंधन इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम अ‍ॅव्हरेजपेक्षा पिकअपवर अधिक होतो. पेटीत पालापाचोळा, कापसाचे बोळे किंवा उंदराचे घरटेही सापडू शकते. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर कुरतडलेल्या वायरी आणि पाइपही पाहा.

नंतर इंजिन चालू करून बॉनेटजवळ कान द्या. ‘सूं’ असा हवा ओढल्याचा आवाज येत असेल, तर एखादा रबरी पाइप निघालेला किंवा चिरलेला असू शकतो. फिरणारा पट्टा आणि पंखा यांपासून हात, ओढणी, बाही दूर ठेवा.

गाडी थरथरत असेल तर?

उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरते, चढावर झटके बसतात, म्हणजे गाडी ‘मिसिंग’ करते आहे. अनेक छोट्या गाड्यांचे इंजिन तीन सिलिंडरचे असते. त्यातला एक थांबला, तर एक तृतीयांश ताकद जाते.

इंजिन बंद आणि थंड असताना प्लग एकेक करून काढा. टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे तिथे ठिणगी पडत नाही. तेलकट प्लग म्हणजे इंजिन ऑइल आत शिरते आहे आणि हे घरचे काम राहिलेले नाही. प्लग पुन्हा बसवताना आधी हातानेच फिरवावा. आटे बिघडले, तर खर्च कैक पटींनी वाढतो. चालू इंजिनावर कॉइल उपसून पाहण्याची जुनी युक्ती टाळा. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

सीएनजी गाडीची सोपी चाचणी कोणती?

सीएनजीवर ताकद मुळातच कमी असते. एक लिटर इंजिनाच्या वॅगनआरची कमाल ताकद पेट्रोलवर सुमारे ६६ अश्वशक्ती, तर सीएनजीवर सुमारे ५६ आहे. एवढा फरक गृहीत धरून चालावे.

या गाड्यांत निदानाची सोय बटणातच आहे. त्याच चढावर एकदा सीएनजीवर, एकदा पेट्रोलवर गाडी चालवा. दोन्हीवर सारखीच मरगळ असेल, तर दोष दोघांच्या सामायिक भागात, म्हणजे हवा, ठिणगी किंवा एक्झॉस्टमध्ये. फक्त पेट्रोलवर त्रास असेल, तर पेट्रोल पंप किंवा इंजेक्टर.

फक्त सीएनजीवर त्रास असेल, तर गॅस फिल्टर किंवा रेग्युलेटर संशयित. पण इथे एक मेख आहे. सीएनजी पेटवायला अधिक जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि सीएनजीवर उघडा पडतो. म्हणून महागड्या रेग्युलेटरआधी स्वस्त प्लग तपासावा. सीएनजीचा कोणताही पाइप किंवा जोड घरी सैल करू नये.

डिझेल गाडीत काय पाहाल?

डिझेलमध्ये तीन संशयित ठळक असतात. तुंबलेला किंवा पाणी साचलेला डिझेल फिल्टर, टर्बोचा सुटलेला पाइप आणि बीएस-६ गाड्यांतील डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर फुसफुस आवाज आणि काळा धूर येत असेल, तर टर्बोच्या पाइपच्या जोडांवर ताजे तेलकट डाग दिसतात का, ते पाहा.

डीपीएफमधली काजळी जळायला ठरावीक तापमान लागते. रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ते गाठलेच जात नाही. डीपीएफचा दिवा लागल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे महामार्गावर काही वेळ सलग गाडी चालवावी. दुर्लक्ष केल्यास ईसीयू इंजिनाची ताकद मुद्दाम रोखून धरतो. यालाच ‘लिम्प मोड’ म्हणतात.

मोबाइलवरचा स्कॅनर किती कामाचा?

भारतात ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू आहे. त्यानंतरच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावला, की ईसीयूने नोंदवलेले कोड मोबाइलवर वाचता येतात.

कोड म्हणजे पार्टचे नाव समजू नये. पी-०१७१ हा कोड ‘इंधनाच्या मानाने हवा जास्त’ एवढेच सांगतो. अनेकदा त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. प्रत्यक्षात सेन्सरने खरी बातमी दिलेली असते आणि दोष फाटलेल्या पाइपमध्ये किंवा कमजोर पेट्रोल पंपात असतो.

पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा आणि गाडी चालवा. आता पी-०३०३ आला, तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइल खराब. कोड पहिल्याच सिलिंडरवर राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावे.

कोड नसेल, तरी दोन आकडे बोलके असतात. पहिला, इनटेकचा दाब. चावी चालू पण इंजिन बंद असताना मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास दिसतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर तो पुन्हा या आकड्याजवळ यायला हवा. बराच खाली राहिला, तर हवा वाटेत अडते आहे.

दुसरा, फ्युएल ट्रिम. तो साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावा. उभ्या गाडीत तो फार वर आणि २,५०० आरपीएमला नेहमीसारखा असेल, तर हवेची गळती. भार वाढेल तसा तोही वाढत गेला, तर इंधन कमी पडते आहे. हे आकडे शेजारच्या व्यक्तीने वाचावेत, चालवणाऱ्याने नाही.

घरचे प्रयोग कधी थांबवावेत?

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. मिसिंगमुळे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळू शकते. मग धुराची वाटच बंद होते. काही शे रुपयांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष काही दहा हजारांवर जाते ते असे.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, ऑइलचा दिवा लागला किंवा पेट्रोलचा वास आला, तर इंजिन लगेच बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. पावसाळ्यात पाण्यातून जाताना गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

‘पिकअप नाही, बघून घ्या’ एवढ्यावर गाडी सोडू नका. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम, कोणत्या गियरमध्ये, किती आरपीएमला, कोणता कोड आला आणि काय काय आधीच तपासले, हे कागदावर लिहून द्या. चांगल्या मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो आणि बाकीच्यांना विचारता येते, की हा पार्ट खराब आहे हे कशावरून ठरले? बदललेला पार्ट परत मागा. ४० ते ६० ची तीच चाचणी पुन्हा घ्या. सेकंद कमी झाले नसतील, तर बिल झाले, दुरुस्ती झालेली नाही.