भाषांचे जग (लेखांक ७) : शिकणारा येतो कशासाठी?

गेल्या आठवड्यात आपण एस्पेरांतो या मुद्दाम आखून घडवलेल्या भाषेचे व्याकरण पाहिले. नियम सोळा, नाम ‘ओ’ने संपते, विशेषण ‘आ’ने. ‘मारो’ म्हणजे समुद्र, ‘मारिस्तो’ म्हणजे खलाशी. ‘पानो’ म्हणजे पाव, तर ‘पानिस्तो’ म्हणजे पाव भाजणारा. एक प्रत्यय कळला की शब्दांची रांगच हाती येते. इतकी सोपी भाषा, मग शिकणारे इतके थोडे का?

माझे मत स्पष्ट आहे : सोपी आहे म्हणून कोणी भाषा शिकत नाही. याचा पुरावा आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरच आहे. रेवदंड्यासमोर, कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लई. चौलला पोर्तुगीज आले त्याला आता सुमारे पाचशे वर्षे झाली. त्यांचे शिपाई आणि इथल्या ख्रिस्ती झालेल्या बायका यांच्या संसारातून तिथे एक नवी बोली उभी राहिली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची घडण मात्र मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. ती कोणी आखली नाही, तिचा वर्ग कोणी भरवला नाही. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत ती आजवर बोलली जाते, कारण चुलीपाशी, चर्चमध्ये, शेजारणीशी ती लागत होती. आता पोरांची शाळा मराठी, नोकरी-धंदा गावाबाहेर. तिची गरज आटत चालली आहे आणि बोलणारेही.

एस्पेरांतो घडवणाऱ्या लुडविक झामेनहॉफ या वॉर्सातल्या डॉक्टराला हे फार लवकर उमगले होते. १८८७ मध्ये त्याने आपली छोटी पुस्तिका काढली, तेव्हा तिच्यात फाडून पाठवायच्या चिठ्ठ्या घातल्या : एक कोटी माणसांनी असेच वचन जाहीरपणे दिले, तर मीही ही भाषा शिकेन. शिकणाऱ्याची खरी भीती त्याने नेमकी ओळखली होती. आपण शिकायचे आणि बोलायला कोणीच नाही, मग काय? एक कोटी चिठ्ठ्या काही आल्या नाहीत. पण झामेनहॉफ कोटीची वाट पाहत बसला नाही. १८८९ मध्ये त्याने हजार शिकणाऱ्यांची नावे-पत्ते छापून टाकले. बहुतेक पत्ते रशियन साम्राज्यातले. पण पत्ता हाती आला की पत्र लिहिता येते, आणि पत्र लिहायचे म्हटले की शब्द शोधावेच लागतात. मला विचाराल तर व्याकरणाइतकेच महत्त्व मी या पत्त्यांच्या वहीला देईन. पुढे १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर या बंदरात पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा जवळजवळ सातशे माणसे जमली आणि दुभाष्यावाचून एकमेकांशी बोलली. १९७४ पासून तर परदेशातल्या एस्पेरांतो बोलणाऱ्याच्या घरी मुक्कामाची सोय करून देणारी यादीही चालते. तरुणांना या भाषेकडे ओढणारी याहून चांगली युक्ती मला दिसत नाही.

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनीही एस्पेरांतोचा अभ्यास केला होता. विनोबांचे भाषा शिकणे कधीच हौसेचे नव्हते. कुराण मुळातून वाचायचे म्हणून अरबी. दक्षिणेतल्या माणसांना समजून घ्यायचे म्हणून वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणी भाषा. कोणाशी बोलायचे, काय वाचायचे, हे त्यांचे आधी ठरलेले असे.

अलिबाग, पेण, मुरूडकडच्या शिक्षकांपैकी कोणाला एस्पेरांतोचा वर्ग सुरू करावासा वाटत असेल, तर त्यांना कळकळीची विनंती : विश्वबंधुत्वाचे भाषण आणि सोळा नियमांचा तक्ता मागे ठेवा. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला परदेशातला एक पत्रमित्र मिळवून द्या, आणि आपल्या गावाबद्दल, होडीबद्दल, सुकत घातलेल्या मासळीबद्दल पाच वाक्ये लिहून पाठवायला सांगा. उत्तर आले की पुढचा धडा मुले स्वतःहून मागतील.